उजेडचटणी डॉट कॉमचा लिलाव

वडवणीच्या बाजारात भांड्यांची तीन दुकानं आहेत आणि तिन्ही दुकानांतल्या भांड्यांवर नाव घालणारी बाई एकच. वनमाला. वय चौपन्न, अंगानं किडकिडीत, नाकावर घसरलेला चष्मा, हातात ते घर्रघर्र करणारं नाव घालायचं मशीन आणि बसायला खताचं रिकामं पोतं. आठवडी बाजाराला आणि लग्नसराईत रोजच ती मधल्या दुकानाच्या पायरीशी बसते. गिऱ्हाईक कळशी नाहीतर ताट पुढं करतं, नाव सांगतं, आणि वनमाला ते भांडं मांडीवर घेऊन असं लिहीत सुटते की बघणाऱ्याला वाटावं, बाई कुणाला तरी सावकाशीनं पत्र लिहितेय.

काम मूळचं तिच्या नवऱ्याचं, विठ्ठलरावांचं. ते नऊ वर्षांपूर्वी गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता ही मशीन विकून टाकणार. तिनं तेराव्यानंतरच्या पहिल्याच बाजारी पोतं अंथरलं. तेव्हापासून तालुक्यात कुठल्या घरातला कुठला हंडा कुणी कुणाला दिला हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. काही धोरणी मंडळी आहेरात आलेलं ताट दुसऱ्याच्या लग्नात फिरवायला घेऊन येतात आणि हळू आवाजात म्हणतात, "बाई, एवढं जुनं नाव घासून काढा की." वनमाला ताट उलटं करून परत देते. "मी नाव घालते. काढत न्हाई." लोक चिडतात, पाठीमागं बोलतात आणि पुढच्या लग्नाला पुन्हा तिच्याचकडे येतात. अक्षरच तसं आहे तिचं.

तर अशा या बाईला, जिनं जन्मात कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, गेल्या वर्षी एका वेबसाइटचं नाव मिळवायचं होतं. नुसतं मिळवायचं नव्हतं, त्यापायी तिची झोप उडाली होती. ते कशासाठी, हे सांगायचं तर सुंदरबाईपासून सुरुवात करावी लागते.

सुंदरबाई त्याच गल्लीत, वनमालाच्या घरापासून पाच घरं सोडून राहते. वनमालापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून वनमाला तिला अक्का म्हणायची. माहेर तेलगावचं, अंगापिंडानं दणकट, आणि आवाज असा की तिला फोन कशाला लागतो असा लोकांना प्रश्न पडावा. उजेड महिला बचत गट तिनंच काढला. चौदा बाया, कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी. चटणी पिशवीत न देता स्टीलच्या लहान डब्यात द्यायची हीही तिचीच अक्कल. डबा गिऱ्हाइकाच्या घरात वर्षानुवर्षं राहील आणि त्याच्यावर आपला पत्ता असेल.

त्याच सुमारास बीडच्या एका कॉलेजातल्या पोरापोरींनी अभ्यासाचा भाग म्हणून गटाला वेबसाइट करून दिली. नाव ठेवलं उजेडचटणी डॉट कॉम. त्यातल्या एका पोरानं स्वतःच्या ईमेलवर ते नोंदवलं आणि पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाकले. वनमाला सातवी शिकलेली; इंग्रजीची आणि तिची ओळख लांबूनच. तिनं ती अक्षरं महिनाभर नातवाच्या पाटीवर गिरवली आणि मग डब्यांवर घातली. चार-दोन नाही, अकराशे डबे. ते पुण्याला गेले, संभाजीनगरला गेले, एक तर कुणाच्या तरी सुनेच्या बॅगेतून दुबईला गेला. प्रत्येकावर वनमालाच्या हातचं उजेडचटणी डॉट कॉम.

बायांचा समज असा की नाव एकदा घेतलं की घेतलं, सातबाऱ्यावर चढल्यासारखं. ते मुदतीनं मिळतं आणि मुदत संपली की हातचं जातं, हे चौदाजणींतल्या एकीलाही माहीत नव्हतं. ज्या पोराला माहीत होतं तो नोकरी लागून बंगळुरूला गेला आणि चटणीला विसरला. त्याला तरी काय नावं ठेवणार?

पण नाव जाण्याच्या आधीच गटात वेगळी गोष्ट बिनसली होती. त्याच्या दोन वर्षं आधी दिवाळीची मोठी ऑर्डर आली. दोनशे डबे आणि हातात दिवस चार. सुंदरबाईनं डबे बीडला नेले आणि लेझरच्या मशीनवर दोन तासांत नाव मारून आणले. वनमालाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. चटणी भरायला बसल्यावर तिनं डबा हातात घेतला, सवयीनं अक्षरावरून बोट फिरवलं, तर अक्षर बोटाला लागेना.

"हे कुणी घातलं?"

"मशीननं," सुंदरबाई म्हणाली. "तुज्यानं चार दिसांत झालं नसतं, वनमाला. आन् तसंबी अक्षर कोण बगतंय? चटणी बगत्यात लोक."

ते शेवटचं तेवढं सुंदरबाईनं गिळलं असतं तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण गिळायचं हे सुंदरबाईच्या स्वभावातच नाही. वनमालानं डबा खाली ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि घर गाठलं. गट सोडला आणि सुंदरबाईशी बोलणंही सोडलं.

अबोलाही साधासुधा नव्हता. दोघी दर संकष्टीला बीडला गाडी बदलून लिंबागणेशला जायच्या, एका सीटवर बसून, एका डब्यातलं खाऊन. अबोला धरल्यावरही दोघी जातच राहिल्या, त्याच गाडीनं. फक्त एक पुढं आणि एक मागं. देवाला दोघींनी सोडलं नाही आणि एकमेकींपुढं कुणी नमलं नाही. गल्लीत काही निरोप द्यायचा झाला तर तिसरीला मध्ये घालून "सांगा त्यांना" असं चालायचं, आणि त्या दोघींमधलं अंतर फार तर दोन हात असायचं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात पुण्याला दिलेली एक स्वप्नाली नावाची मुलगी माहेरपणाला आली होती. ती बाजारात वनमालापुढं डबा घेऊन उभी राहिली. नाव घालायला नाही, विचारायला.

"मावशी, चटणी मागवायची होती. पण ह्या पत्त्यावर चटणी नाहीच. हे नाव विकायला आहे, असं काहीतरी येतंय."

वनमालानं डबा घेतला. आपलंच अक्षर. वळणसुद्धा कुठं चुकलेलं नाही. चार माणसांत कुणी खोटारडी म्हणावं तसं तिला वाटलं, आणि म्हणणारी तर बिचारी किती नरमाईनं बोलत होती. आपण ज्यांच्या घरात अकराशे डबे पाठवले ते सगळे आपलं अक्षर वाचून फसणार. आणि उद्या ते नाव कुण्या जुगारवाल्यानं घेतलं तर? डबा तर लोक फेकून देत नाहीत. तिनं भर बाजारात पोतं गुंडाळलं आणि बसस्टँडसमोरच्या योगिताच्या दुकानात गेली.

योगिता तिथं ऑनलाइन फॉर्म भरून देते. पीकविमा, दाखले, पोरांचे निकाल, सगळं. भरवशाचं असं गावात ते एकच दुकान. तिनं नाव शोधून बघितलं, त्या बंगळुरूच्या पोराचा नंबर मिळवून फोन लावला आणि मग वनमालाला समजेल अशा रीतीनं सांगितलं.

"काकू, नावाची मुदत संपलीय. अजून महिनाभर जुन्या मालकाला दंड भरून सोडवता येतं. पण त्यानं कॉलेजचा ईमेल दिलता, तो बंद पडलाय. कंपनी त्याला वळखतच न्हाई. महिना सरला की पाच दिवस ते नाव तसंच पडून राहतं, मग सगळ्यांना खुलं होतं."

"पाच दिस कावून?"

"तसा नियमच हाय."

"बरं. मग खुलं झालं की आपुन घ्यायचं."

"ते असं हातानं न्हाई घावत. खुलं झाल्या झाल्या झडप घालणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्याकडं आदीच अर्ज भरून ठिवायचा. पण दुसऱ्या कुणी तिथंच अर्ज भरला असंल तर मग दोगांत लिलाव लागतो."

"उजेड चटणीला दुसरं कोण मरायला येतंय?" वनमाला म्हणाली. "भर अर्ज. माज्या नावानं भर. आन् हे सुंदरबाईला कळता कामा न्हाई. तिच्यामुळं तर नाव गेलं. तिला काय पडलीय त्याची? पण मी धडपडतेय म्हणून कळलं तर गावभर सांगंल, बगा आली वनमाला वळणावर. घे तुज्या लेकीची शपथ."

योगितानं तिच्याकडं जरा चमत्कारिक बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "काकू, त्यापेक्षा एकदा सुंदरकाकूंशी बोलला असतात तर..."

"तिचं नाव काढू नको माज्यापुढं. घे शपथ."

योगितानं शपथ घेतली. घेताना एवढी का अवघडली, हे वनमालाच्या ध्यानात आलं नाही. रागात माणसाला समोरचं दिसत नाही आणि वनमालाचा राग तर दोन वर्षांचा मुरलेला होता.

मग पस्तीस दिवस वाट बघण्यात गेले. वनमाला एक दिवसाआड दुकानात डोकावायची, "काय म्हणतंय?" विचारायची आणि योगिता "अजून न्हाई काकू" म्हणायची, जशी डॉक्टरीण बाळंतपणाला आलेल्या घरच्यांना सांगते. वनमालानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. नाव मिळालं की आधी जुनी वेबसाइट उभी करून घ्यायची, त्यावर गटाचाच फोन नंबर टाकायचा आणि कुणाला काही सांगायचं नाही. सुंदरबाईला एके दिवशी आपोआप ऑर्डरी यायला लागतील आणि ती चक्रावून जाईल. हे चक्रावणं वनमाला पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणायची आणि भांड्यावर नाव घालता घालता एकटीच हसायची.

छत्तिसाव्या दिवशी योगितानंच फोन केला. "काकू, कंपनीनं नाव धरलं. पण अजून एक अर्ज हाय. लिलाव लागलाय. तीन दिवस चालंल."

वनमाला सुन्न झाली. तिचे वडील बैलबाजारात दलाली करायचे. तिथं सौदा रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून होतो. आकडा कुणाला दिसत नाही, पण समोरचा माणूस तरी दिसतो. इथं तोही दिसत नव्हता. पडद्यावर नुसता आकडा आणि त्यापुढं अर्धवट झाकलेली अक्षरं. तिनं मग मनानंच माणूस उभा केला. दिल्लीचा. जाडा, पांढरे बूट, बोटांत चार अंगठ्या, खुर्चीत रेलून बसलेला. नाव घेऊन ठेवणार आणि मग गरीब बायांना दामदुपटीनं विकणार.

"वाढव," ती म्हणाली.

योगितानं वाढवलं. संध्याकाळी तो पुढं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वनमालानं पुन्हा वाढवलं, दुपारी तो पुन्हा वर. आकडा चढत चढत तिनं नव्या मशीनसाठी साठवून ठेवलेल्या रकमेच्या जवळ आला. वनमाला घरी जाताना त्या दिल्लीवाल्याला असल्या असल्या शिव्या द्यायची की समोरून येणारं माणूस कडेला व्हायचं. योगिता मात्र त्या तीन दिवसांत वाळून गेली. चहा घ्यायची नाही, धड बोलायची नाही. वनमालाला वाटलं, पोरगी आपल्यासाठी किती जीव काढतेय.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला लिलाव संपणार होता. वनमाला दहालाच येऊन स्टुलावर बसली. अकरा वाजता तिनं आपला आकडा वाढवायला लावला. आता वर तिचं होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा योगिताचा फोन वाजला. तिनं बघितला आणि उलटा ठेवला. बंद होऊन पुन्हा वाजला.

"उचल की," वनमाला म्हणाली. "किती वेळ वाजवायचा?"

योगितानं फोन घट्ट कानाला दाबला, त्यावर दुसरा हातही धरला. पण पलीकडचा आवाज असा दबणारा नव्हता. तो सगळ्या दुकानात पसरला.

"आगं योगिता, झोपलीस का काय? त्यो मेला पुन्हा वर गेला आसंल बग! वाढव! माज्या पाटल्या मोडल्या तरी चालंल, पण वाढव! अकराशे डबे वनमालाच्या हातचे हायत. तिचं अक्षर त्याच्या घशात न्हाई घालायचं मला!"

योगिता "वाढवते" एवढंच म्हणाली, फोन बंद केला आणि तो तसाच धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "शपथ घातलीती काकू," ती कशीबशी म्हणाली. "त्या तुमच्या आदी आठ दिवस आल्या. त्यांनीबी माज्या लेकीचीच घातली. दोगींनी आपापल्या नावानं भर म्हणून बजावलं. मला वाटलं, कुणा एकीला मिळंल. मला काय ठाऊक, तुमी दोगी अशा हटून बसताल?"

वनमालाच्या कानात अजून तेच वाक्य होतं. तिचं अक्षर. दोन वर्षं ती एकच वाक्य उगाळत बसली होती, अक्षर कोण बगतंय, आणि ते म्हणणारी बाई हातातल्या पाटल्या मोडायला निघाली होती. केवढ्या मूर्ख आहोत आपण दोघी, असं तिला वाटलं, आणि त्या मूर्खपणाची तिला जराही लाज वाटली नाही.

"तिचा आकडा वाढवायला सांगितलाय ना तिनं?" ती शेवटी म्हणाली. "वाढव."

योगितानं दुसरी खिडकी उघडून वाढवला. "आता तुमचा?"

"माजा ऱ्हाऊ दे."

"काकू, मग नाव त्यांच्याकडं जाईल."

"तिच्याकडं गेलं म्हंजे गेलं व्हय?"

साडेअकरा वाजले. पडद्यावर काहीतरी हिरवं झालं. वनमालानं पदरानं चष्मा पुसला, योगिताच्या गालावर हात फिरवला आणि बाहेर पडली. चांगलं लख्ख ऊन होतं. गल्लीत वळल्यावर स्वतःचं घर आलं, ते तिनं ओलांडलं. पुढची पाच घरंही ओलांडली. दोन वर्षांत ह्या दारासमोरून जाताना तिनं मान कधी उजवीकडं वळवली नव्हती.

सुंदरबाई ओसरीत सुपात जवस घेऊन निवडत बसली होती. बाजूला फोन पडलेला. वनमालाला उंबऱ्यात बघून तिचा हात थांबला. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. मध्ये दोन वर्षं गेलीच नाहीत अशी एकदम सुरूच झाली.

"मिळालं गं! आपलं नाव मिळालं! आत्ता फोन आलता योगिताचा. तुला काय सांगू वनमाला, एक मेला आडवा आलता. तीन दीस अन्न गोड लागू दिलं न्हाई. मी एक म्हणावं, त्यानं दोन म्हणावं. सुरतचा आसंल न्हाईतर मुंबईचा, पैशाचा माज आलेला. त्याच्या हाताला लकवा भरो. त्याच्या घरात चूल न पेटो. त्याच्या तोंडाला..."

वनमाला भिंतीला टेकून खाली बसली आणि ऐकत राहिली. सुंदरबाईनं त्या सुरतवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, त्याच्या धंद्यात किडे पाडले, त्याची म्हैस आटवली. दम घ्यायला ती थांबली.

"आजून हाय का?" वनमालानं विचारलं.

"हाय की, लई हाय. कावून?"

"न्हाई, पुरतं करून घे. मग सांगते, त्यो कोण व्हता."

सुंदरबाई सूप धरून तिच्याकडं बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला. मग कळलं, आणि तिचा तो दणदणीत आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. ती अगदी हळू म्हणाली, "तू?"

"मीच, अक्का."

"म्हंजे तूबी मला शिव्या दिल्या असशील."

"लई दिल्या. वाटंनं जाताना देत हुते."

"मग आता तोंडावर दे," सुंदरबाई म्हणाली आणि सूप बाजूला सारून तिच्यासमोर सरकून बसली. "दे. त्या डब्यांच्यापायीच्याबी दे. दोन वरसं झाली, मी वाट बगतेय."

वनमालानं तोंड उघडलं. एवढ्या शिव्या साठवलेल्या, पण त्यातली एकही वेळेला सापडेना. तिला रडूच आलं, आणि सुंदरबाई जवसाच्या हातांनी तिचं तोंड पुसत राहिली.